सगुणा, पानपरी आणि दमलेल्या वेली

फार लांब नाही आणि अगदी जवळही नाही, अशा एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावाच्या कडेला एक इवलासा पानमळा होता. शेवग्याची उंच उंच झाडं रांगेत उभी, आणि प्रत्येक झाडाला बिलगून वर चढलेली विड्याच्या पानांची वेल. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी मळ्यात हिरवी, गारेगार सावली असायची. पानांतून गाळून आलेलं ऊन जमिनीवर सोनेरी टिकल्या टिकल्या होऊन पडायचं. वारा आला की त्या टिकल्या इकडून तिकडे पळत सुटायच्या, आणि वारा थांबला की जागच्या जागी बसायच्या.

मळ्याला लागूनच एक झोपडी होती. तिच्यात सगुणा आणि तिची आई राहायच्या. सगुणाचे बाबा ती रांगत होती तेव्हाच देवाघरी गेले होते. आई पानं खुडायची, टोपलीत ओल्या फडक्याखाली नीट रचायची आणि बाजारात न्यायची. त्यावरच दोघींची चूल पेटायची. घरात एक शेळी, थोड्या कोंबड्या आणि एक कान तुटलेलं मातीचं गाडगं, एवढाच पसारा. पण आई गाणं गुणगुणत काम करायची, म्हणून सगुणाला आपण गरीब आहोत हे फारसं आठवायचंच नाही.

त्या वर्षी मात्र थंडी सरता सरता आईला ताप भरला. आणि तो भरला तोही नेमका उतरणीच्या दिवसांत.

उतरण म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. पानवेलीला एकच ठाऊक असतं, वर जायचं. वर्षभर ती चढत राहते, चढत राहते, आणि चढून चढून दमते. मग तिची पानं लहान होतात, पिवळट पडतात. अशा वेळी उन्हाळा तापायच्या आत तिला खाली उतरवावं लागतं. वेलीला झाडाशी धरून ठेवणारे गवताचे बंध सोडायचे, वेल हलक्या हाताने खाली घ्यायची, झाडाच्या बुडाशी तिचं वेटोळं करायचं आणि मऊ मातीत तिला निजवायचं. बोटभर शेंडा तेवढा वर ठेवायचा. वेल विसावते आणि पुन्हा नव्या दमाने चढू लागते. उतरण झाली नाही, तर उन्हाच्या तडाख्यात ती उभ्याउभी वाळून जाते.

सगुणाच्या मळ्यातल्या वेली पार शेंड्याला पोचल्या होत्या. पिवळ्या पडल्या होत्या. आणि आई अंथरुणात होती.

शेजारच्या मळ्यातल्या चंद्राक्का वाडगाभर पेज घेऊन आल्या. त्यांच्याही वेली उतरवायच्या राहिल्या होत्या, म्हणून त्या उभ्याउभ्याच बोलल्या. "सगू, आईला निजू दे बघ. औषधापेक्षा तिला झोपेचीच गरज आहे. पण ती ऐकते होय? डोळा लागला की दचकून उठते, वेली वेली करते, आणि उठली की ताप पुन्हा चढतोय."

खरंच तसं होत होतं. आई भिंतीला धरून उठायची, दारापर्यंत जायची आणि तिथेच मटकन बसायची. "वेली वाळतील गं," म्हणायची. सगुणा तिला परत अंथरुणावर आणायची. वेली उतरल्याशिवाय आईला झोप लागणार नव्हती, झोप लागल्याशिवाय ताप जाणार नव्हता. एवढं सगुणाला पक्कं कळलं होतं.

"मी उतरवते वेली," सगुणा म्हणाली. म्हणाली खरी, पण बाकीची कामं काय कुठे पळून गेली होती? पाणी आणायचं, शेळीला चारा घालायचा, कोंबड्यांना दाणे टाकायचे, भाकरी करायची, आईच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची, चुलीला काटक्या आणायच्या. एक काम हातात घेतलं की दुसरं हाका मारायचं. सगुणाला वाटे, आपल्या डोक्यात चिमण्यांनी घरटी केली आहेत. सगळ्या एकदम चिवचिवतात. पाणी पाणी, दाणे दाणे, पट्टी पट्टी, वेली वेली.

त्या चिवचिवाटात तिची अशी काही तारांबळ उडाली की विचारू नका. तिने चुलीवर तवा ठेवला आणि भाकरी थापायचीच विसरली. कोंबड्यांचे दाणे शेळीपुढे टाकले. घागर घेऊन मळ्याच्या कडेच्या पाटावर पाण्याला गेली आणि रिकामीच घागर कडेवर घेऊन परत आली. एकदा तर ओली पट्टी आईच्या कपाळावर ठेवण्याऐवजी उशीवर ठेवली आणि उशीचा ताप पाहत बसली. वेणीच्या रिबिनी कधी सुटल्या, आपण शेवटचं कधी जेवलो, काही काही तिला आठवत नव्हतं.

अशीच एका सकाळी ती धावत मळ्यात आली. वाऱ्याने एक वेल झाडापासून सुटून लोंबत होती. सगुणाने गवताची एक काडी घेतली, घाईघाईने गाठ मारली आणि वळली.

"अगं, माझा पंख बांधलायस तू," कुणीतरी म्हणालं.

सगुणाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. आता डोक्यातल्या चिमण्या मोठ्याने बोलायला लागल्या की काय, असं तिला वाटलं.

"इकडे. गाठीत."

गाठीत एक परी होती. पिटुकली, सगुणाच्या अंगठ्याएवढी. अंगात कोवळ्या पानाचा पोपटी झगा, गळ्यात दवाच्या तीन थेंबांची माळ, आणि पाठीवर दोन पंख, अगदी विड्याच्या पानांच्या आकाराचे, सोनेरी शिरांचे. उजवा पंख मोकळा फडफडत होता. डावा मात्र गवताच्या गाठीत घट्ट अडकला होता.

"ओढून सोडवू का?" सगुणाने घाबरून विचारलं.

"ओढलंस तर फाटेल."

सगुणाला खूप उशीर झाला होता. तरी ती मांडी घालून बसली. परीला दुखू नये म्हणून तिने श्वास रोखला आणि नखाच्या टोकाने गाठीचा एकेक पदर सोडवायला घेतला. हा पदर त्याच्याखालून, तो याच्यावरून. किती वेळ गेला, तिला कळलंच नाही. शेवटचा पदर सुटला तशी परी टुणकन तिच्या तळहातावर उतरली. पण डाव्या पंखाला मधोमध एक घडी पडली होती. परीने तो फडकवून पाहिला, चार बोटं वर उडाली आणि पुन्हा तळहातावर येऊन बसली.

"माझ्यामुळे झालं हे," सगुणा म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. पंखाचं, आईचं, वेलींचं, सगळं रडू एकदम आलं.

परीला रडणाऱ्या मुलींची सवय नव्हती. तिने गडबडून स्वतःच्याच गळ्यातल्या माळेकडे पाहिलं. "रडू नकोस. तू घाईत असूनही थांबलीस, म्हणून माझ्या माळेतले थेंब तुझे. तीन थेंब आहेत, एकेका थेंबात एकेक मागणं मावतं. पण नियम ऐकून घे. मागणं मागताना मनात जे जे असेल ते सगळं थेंबात उतरतं. मनात एकच गोष्ट असेल तर एकच मिळते. मनात गर्दी असेल तर सगळं कालवलं जातं, आणि कालवलेलं मला निवडता येत नाही."

"मग तूच माग की तुझ्या पंखासाठी."

"परीला स्वतःसाठी नाही मागता येत. तो दुसरा नियम."

सगुणाने डोळे पुसले. काय मागायचं ते तर ठरलेलंच होतं. तिने हात जोडले आणि म्हणाली, "या मळ्यातल्या वेली..." एवढ्यात तिला आठवलं, आज कोंबड्यांना दाणेच टाकले नाहीत. "...खाली उतरू देत."

टप् करून पहिला थेंब गळाला. मळाभर लखलख झाली. सगुणाने डोळे उघडले. वेली होत्या तिथेच होत्या. पण शेवग्याच्या शेंड्यावरून आवाज आला, "क्वाक."

सगळ्या कोंबड्या झाडांवर बसल्या होत्या. एकेका शेंड्यावर एकेक. डोलणाऱ्या फांद्यांना नखांनी धरून, माना खाली घालून त्या सगुणाकडे पाहत होत्या, आणि आपण इथे कशा आलो हे त्यांनाही कळलेलं दिसत नव्हतं. एकीने तर घाबरून अंडं घातलं. ते खाली आलं आणि सगुणाच्या पायाशी फुटलं.

"वेली उतरायच्या होत्या. या चढल्या का?" सगुणाने विचारलं.

परी बुचकळ्यात पडली. "तुझ्या मनात वेली होत्या, आणि कोंबड्या होत्या. खाली होतं, वर होतं. ते असं झालं वाटतं."

आता वेली राहिल्या बाजूला, आधी कोंबड्या उतरवणं आलं. सगुणाने शिडी आणली, दाणे आणले, या झाडाखाली बोलाव, त्या झाडाखाली बोलाव, असं करता करता दिवस डोक्यावर आला. शेवटची तुरेवाली कोंबडी तर उतरायलाच तयार नव्हती. तिला वरचा वारा आवडला होता.

त्या धावपळीनंतर सगुणाने ठरवलं, वेली राहू देत. सरळ आईचा ताप घालवावा. तिने परीला खांद्यावर बसवलं, हात जोडले, डोळे घट्ट मिटले. "आईचा..." आणि डोक्यातली एक चिमणी चिवचिवली, पाटाचं पाणी वेलींकडे वळवायचं राहिलं की. "...ताप जाऊ दे."

टप् करून दुसरा थेंब गळाला. पुन्हा लखलख झाली. सगुणा आशेने झोपडीकडे वळली. तोच तिच्या पायाशी भस्सकन वाफ आली. पाटाचं पाणी वाफाळत होतं. आईच्या कपाळासारखं, नव्हे, त्याहून गरम. आणि ते गरम पाणी वळण घेऊन सरळ वेलींच्या मुळांकडे निघालं होतं.

सगुणा धावली. तिने ओंजळी ओंजळी चिखल उचलला आणि पाटाच्या तोंडाशी टाकला. हात भाजले, पण ती थांबली नाही. पाणी तुंबलं, अडलं आणि बांधावरून बाहेर, रिकाम्या मातीत वाहून गेलं. झोपडीत डोकावून पाहिलं तर आईचा ताप होता तसाच होता.

सगुणा धपकन खाली बसली. परीच्या गळ्यात आता एकच थेंब उरला होता.

"हा वापरू नकोस इतक्यात," परी हळूच म्हणाली. "मन रिकामं कर आणि मग माग."

"कसं करायचं?"

परीने खूप विचार केला. विचार करताना तिचे कान हिरवे झाले. "मला नाही माहीत. पऱ्यांच्या मनात एका वेळी एकच गोष्ट असते. तुम्ही माणसं इतकं सगळं आत ठेवता तरी कुठे?"

सगुणाने प्रयत्न केला. डोळे मिटून ती मनाला म्हणाली, गप्प बस. मन म्हणालं, गप्प बसते, पण ते दाणे? तिने दोन्ही कानांत बोटं घातली. चिवचिवाट आतूनच येत होता, त्याला बोटांचं काय? जितकं रागवावं तितक्या चिमण्या जास्त. शेवटी ती रडवेल्या तोंडाने झोपडीत गेली.

आई कुशीवर वळली. तिची नजर सगुणाच्या पायांवर गेली. चपलांना मळ्यातली ओली, काळी माती लागली होती.

"सगू, चपला घालून गेलीस मळ्यात?"

सगुणाची मान खाली गेली. पानमळ्यात कुणीच चपला घालून जात नाही. बांधाशी दगड असतो, तिथे चपला काढायच्या, पाय धुवायचे, वेलीला हात जोडायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. पानवेल म्हणजे देवीचं रूप, असं गावातली सगळी माणसं मानतात. सगुणाही मानत होती. पण या दिवसांत तिला भानच नव्हतं. धावत जायचं, धावत यायचं.

"देवी रागावली असेल का गं? म्हणून सगळं उलटं होतंय का?" तिने विचारलं आणि परीची, कोंबड्यांची, गरम पाण्याची सगळी हकिकत सांगून टाकली. आईला वाटलं, पोरीला भुकेने चक्कर आली असावी. परी काही तिला दिसत नव्हती.

"देवी कशाला रागावेल?" आई म्हणाली. "तुझे बाबा गेले ना, तेव्हा माझ्याही डोक्यात असाच कल्ला व्हायचा. घर, तू, मळा, उद्या काय, परवा काय. एक दिवस दगडाशी पाय धुताना मला सुचलं. नुसत्या चपलाच का काढायच्या? काळजी पण काढून ठेवावी की इथेच. मग मी एकेकीचं नाव घ्यायची. ही सगूची काळजी, ही बाजाराची काळजी. आणि देवीला म्हणायची, आई, मी आत जाऊन येते, तोवर तू यांच्याकडे बघ."

"आणि त्या तिथेच राहायच्या?"

"काही राहायच्या. काही मागोमाग यायच्या आत. त्यांना पुन्हा सोडून यायचं. रागवायचं नाही." आईने तिचा भाजलेला हात पाहिला आणि आपल्या गालाला लावला. "जेवलीस का गं तू?"

सगुणाने आठवून पाहिलं. आठवेना.

"आधी जेव. मग माझ्याजवळ जरा पड."

"पण वेली..."

"तू पडलीस तर मीही पडते," आई म्हणाली.

मग सगुणाने शिळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. हातांना खोबरेल तेल चोपडलं. तोंड धुतलं, रिबिनी नीट बांधल्या आणि आईच्या कुशीत शिरली. बाहेर कामं तशीच पडली होती, शेळी ओरडत होती, पण सगुणाचा डोळा लागला. आईचाही लागला.

ती उठली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. परीला खांद्यावर घेऊन ती बांधावरच्या दगडापाशी आली. चपला काढल्या. पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतली माती, टाचेची माती, सगळी हळूहळू धुतली. मग म्हणाली, "ही कोंबड्यांची काळजी. ही पाण्याची. ही आईच्या तापाची, ही जरा मोठी आहे. देवीआई, मी आत जाऊन येते, तोवर बघशील ना?"

ती आत गेली. कोंबड्यांची काळजी मागोमाग आलीच. सगुणा परत गेली, तिला दगडावर ठेवलं आणि पुन्हा आत आली. तापाची काळजी तर दोनदा सोडून यावी लागली. परी हे सगळं डोळे विस्फारून पाहत होती.

मळ्यात गार होतं. सोनेरी टिकल्या मातीवर डोलत होत्या. सगुणाने पहिल्या वेलीला हात जोडले, आणि तिला जाणवलं, चिमण्या गप्प झाल्या आहेत. एखादी मध्येच चिवचिवते, पण हळू.

"आता माग," परी कुजबुजली. "आता स्वच्छ उतरेल थेंबात."

सगुणा वेलीकडे पाहत राहिली. मघापर्यंत तिला नुसता हिरवा गुंता दिसत होता. आता गवताचे बंध दिसू लागले. हा खालचा, हा त्यावरचा, तो वरचा. हे सोडवता येईल की, तिला वाटलं. आई करायची तेव्हा शिडी कोण धरायचं? मीच.

"थांब हं जरा. आधी ही एक वेल उतरवते," ती म्हणाली.

तिने शिडी लावली. एकेक बंध सोडला. वेल तिच्या खांद्यावर आली, तिथून हातावर, हातावरून जमिनीवर. दमलेल्या बाळाला झोपवतात तसं तिने तिला गोल गुंडाळलं आणि वर माती ओढली. बोटभर शेंडा बाहेर ठेवला. "नीज आता," म्हणाली. संध्याकाळपर्यंत अजून थोड्या वेली झाल्या. घरी जाऊन तिने आईला सांगितलं, आणि त्या दिवसापासून आई दचकून उठायची थांबली.

मग हे रोजचंच झालं. सकाळी खायचं, पाय धुवायचे, काळज्या दगडावर ठेवायच्या, आत जायचं. दुपारी आईच्या कुशीत पडायचं. कधी सगळ्या चिमण्या परत यायच्या आणि सगुणा पुन्हा घागर रिकामी आणायची. मग ती स्वतःशीच हसायची आणि पुन्हा पाटावर जायची. परी रोज विचारायची, "आज मागतेस?" सगुणा म्हणायची, "आधी एवढी एक." असं करता करता सगळ्या वेली उतरल्या. झोपून झोपून आईचा तापही उतरला. फक्त पायात अजून बळ नव्हतं, मळ्यापर्यंत चालवत नव्हतं.

सगळं छान झालं असं वाटलं ना? सगुणालाही वाटलं होतं. पण उतरणीनंतरचा मळा पाहिलाय का कुणी? सगळं हिरवं नाहीसं झालेलं. उघडी खोडं, तपकिरी माती, आणि मातीतून डोकावणारे मलूल, पिवळे शेंडे. दिवस जाऊ लागले. ऊन तापू लागलं. चंद्राक्कांच्या मळ्यात नवी पानं फुटली. सगुणाच्या मळ्यात एकही नाही.

मुळं धरली असतील का? की आत कुजली? गरम पाणी झिरपलं असेल का? माती जास्त ओढली का? चिमण्या पुन्हा कलकलाट करू लागल्या. एका दुपारी सगुणा गुडघ्यांवर बसली आणि पहिल्या वेलीची माती बोटाने उकरू लागली. नुसतं बघायचं होतं, जिवंत आहे की नाही.

"उकरलंस तर कोवळी मुळं तुटतील," परी म्हणाली. "थेंब आहे ना अजून. माग. आत्ताच्या आत्ता पालवी फुटेल. मळा पुन्हा हिरवागार होईल."

सगुणाचं बोट थांबलं. ती उठली, दगडापाशी गेली, पुन्हा पाय धुतले. ही वेलींची काळजी. तिने ती दगडावर ठेवली. ती मागोमाग आली. पुन्हा ठेवली. मग ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. मन निवांत झालं, तसं तिला खांद्यावर काहीतरी हलकंसं थरथरताना जाणवलं. परी डावा पंख फडकवून पाहत होती. कुणी बघत नाहीसं पाहून ती रोजच असं करत असावी. ती वर आभाळाकडे बघायची, जिथे तिचं घर होतं, आणि मग गुपचूप पंख मिटायची.

"परी, तुला घरी जावंसं वाटतं?"

"वाटतं," परी म्हणाली. "पण तुझं मागणं राहिलंय ना."

सगुणाने उकरलेली माती परत सारखी केली आणि हलकेच थोपटली. तिला फार भीती वाटत होती. वेली वाळल्या तर दोघींनी खायचं काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तरी ती म्हणाली, "माझ्या हातात होतं ते मी केलं. आतलं काम वेलीचं आहे, ती करत असेल. देवीआईचंही लक्ष आहे. पण तुझा पंख माझ्या गाठीने मुडपला, तो कुणी बरा करायचा?"

तिने हात जोडले. डोळे घट्ट मिटले नाहीत, नुसते मिटले.

"माझ्या परीचा पंख बरा होऊ दे."

मनात दुसरं काही नव्हतं. एक छोटासा पंख तेवढा होता, सोनेरी शिरांचा.

टप् करून शेवटचा थेंब गळाला. पंखावरची घडी उलगडली. शिरांतून उजेड धावला, पोपटी, केशरी, मोतिया, आणि परी सगुणाच्या खांद्यावरून उचलली गेली. तिने तिच्या गालाला इवलासा पापा दिला. "सगुणा, मन रिकामं नव्हतंच करायचं, एकाच गोष्टीने भरायचं होतं. मलाही आत्ता कळलं," ती म्हणाली. तिला अजून काही सांगायचं असावं, पण उजेड इतका झाला की त्यात परी दिसेनाशी झाली. उजेडाचा चुरा मळाभर भुरभुरला, झाडांवर, मातीवर, पिवळ्या शेंड्यांवर. मग नेहमीचं ऊन उरलं.

सगुणा बघते तर पहिल्या शेंड्याच्या टोकाशी काहीतरी चमकलं. मुगाएवढं. पोपटी. त्याच्या पलीकडच्या शेंड्यावर अजून एक. रांगेच्या टोकापर्यंत, जिथे जिथे नजर जाईल तिथे, गुंडाळलेली कोवळी पानं बाहेर येत होती. ती परीच्या उजेडाने आली, देवीने धाडली, की त्यांची वेळच झाली होती, हे सगुणाला कधीच कळलं नाही. तिने पुष्कळ दिवस डोकं खाजवलं, मग सोडून दिलं.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. कुंपणाला धरून धरून, थांबत थांबत आई आली होती. कितीतरी दिवसांनी ती मळ्यात पाऊल टाकत होती. नवी पालवी पाहून तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने सगुणाला पोटाशी धरलं, आणि दुसऱ्याच क्षणी डोळे पुसत ती इकडेतिकडे पाहू लागली. "बांधायला गवत आणायला हवं. पाट साफ करायला हवा. शिडीची पायरी हललीय वाटतं, आणि त्या कोपऱ्यातल्या वेलीला..."

सगुणाने आईचा हात धरला.

"आई, आधी बस."

"अगं पण..."

"बस ना."

आई हळूच खाली बसली. सगुणा तिला टेकून बसली, आणि दोघी कितीतरी वेळ काहीही न करता तिथेच बसून राहिल्या.